तळ्यातली साळकं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. देवासमोर बसले की तोंडाशी येतं, आणि मी उगाच समई पुसायला घेते. मग तुम्हालाच का सांगते आहे? — तुम्ही सुलक्षाला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

सुलक्षा माझी धाकटी जाऊ, हरमलची. कोरगावात आमची दोन घरं, अंगण एकच. भाऊ वेगळे झाले तेव्हा गणपतीही वेगळे झाले, आणि तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात — लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, नारळ, सुपारीचे घोस टांगायचे. माझी माटोळी बाजारातून यायची, तिची रानातून. लोक आधी तिच्याकडे जायचे, माना वर करून बघत राहायचे, मग माझ्याकडे येऊन चहा प्यायचे. चहाचं कौतुक करायचे. मी हसून साखर विचारायची आणि आतून जळायची. मत्सर म्हणतात तो हाच. त्याला गोंडस नाव देणार नाही.

तिच्या माटोळीची शोभा म्हणजे साळकं, तळ्यात फुलणारी ती पांढरी कमळं. आदल्या दिवशी ती स्वतः पाण्यात उतरून काढायची. मागोमाग तिचा कुत्रा, टायगर. तिला मूल नाही. टायगर तिच्या चुलीपाशी झोपायचा, तिच्या ताटातलं खायचा. त्याचाही हेवा वाटायचा का? वाटायचा. माझ्या घरात नवरा, मुलं — पण मी दारात आले म्हणून धावत येणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी चवथीआधी पावसाने दडी मारली. कडक ऊन पडलं, आणि शेतातलं खत वाहून आलेलं तळं हिरवं झालं. रंगाचा डबा ओतावा तसं — कडेला साय धरलेली, वास मारणारी. आमच्या गाईला बघायला गुरांचे डॉक्टर आले होते, ते तळ्याकडे बघून थांबले. म्हणाले, हे नेहमीचं शेवाळ दिसत नाही, यात विष असू शकतं. गुरं नकोत, माणसंही नकोत. पाणी उकळलं म्हणून ते जात नाही. एखादं जनावर उतरलंच, तर त्याने अंग चाटायच्या आत चांगल्या पाण्याने धुवा. आणि वाड्यावर घरोघरी सांगा.

मी गाय बांधून ठेवली. मुलांना दम दिला. आणि सुलक्षाला? — सांगितलं असतं तर ती उतरलीच नसती, साळकंही आली नसती, माझंच फावलं असतं. तरी नाही सांगितलं. तिचं भलं माझ्या तोंडून व्हायला नको होतं. एवढंच.

चवथीच्या आदल्या दुपारी ती तळ्यावरून आली. डोक्यावर टोपली, सारखी पाय खाजवत होती. मागे टायगर, पोटापर्यंत हिरवा. नळ आमच्या वाटणीला आलेला, त्यामुळे पाण्याला ती आमच्याच दाराशी यायची.

"वैनी, नळाक पाणी आसा? ह्येका जरा धुतंय."

मी टोपलीकडे बघत होते. इतकी टपोरी साळकं मी कधी पाहिली नव्हती.

"ना गे. सकाळपासून नळ आयलोच ना."

नळाला पाणी होतं. विहीर खाली उतारावर, आणि तिला माटोळी बांधायची घाई. तिने गोणपाटाने त्याला पुसलं, आणि तो तिच्या पायरीवर बसून अंग चाटत राहिला. मी खिडकीतून बघत होते. हाक मारता आली असती — तेव्हाही. नाही मारली.

तिन्हीसांजेच्या आत तो थरथरायला लागला. तोंडाला फेस, पाय ताठ. तिच्या मांडीवरच गेला. फुरसं चावलं असणार, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. तिने माटोळी अर्धीच सोडली, साळकं टोपलीत सुकली. चवथीला लोकांनी माझी माटोळी पाहिली. मला बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं.

दीड दिवसाचे गणपती पोचवायला सगळा वाडा त्याच तळ्यात उतरणार होता, पोराबाळांसकट. तेव्हा मात्र मी घाबरले. डॉक्टरांचं बोलणं आत्ताच आठवल्यासारखं करून सांगून टाकलं. टायगर कशाने गेला असेल, ते तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. गणपती वाहत्या ओहोळावर नेले. मी आधी का बोलले नाही, हे कुणी विचारलं नाही. चवथीच्या गडबडीत राहून जातं, असं एक म्हातारी म्हणालीसुद्धा.

आणि सुलक्षा आली. डोळे सुजलेले, पायांवर लाल चट्टे तसेच. सगळ्यांसमोर तिने माझे हात धरले.

"वैनी, तुमी सांगलात म्हणान भुरगी वाचली."

पोरं वाचवली म्हणून सगळा वाडा माझ्याकडे कौतुकाने बघत होता. असं कुणी बघावं म्हणून मी किती वर्षं जळले होते. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि ते कौतुक ठेवून घेतलं.