आसरांच्या वळणावरची जीप

आसरांचं नाव काढलं की माझं अजून डोकं फिरतं. राजूरच्या वरच्या अंगाला, आमच्या गावाच्या वाटेवर, ओढ्याकाठच्या वळणावर त्यांचे शेंदूर फासलेले सात दगड आहेत. त्या पाण्यातल्या बाया लेकुरवाळीच्या लेकरावर डोळा ठेवतात, असं म्हणायचे. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास आमच्याकडे पहिली जीप सुरू झाली आणि लोकांना पुरावाच मिळाला. चढ चढून जीप त्या वळणाला लागली की मागं बसलेल्यांचं डोकं ठणकायचं, मळमळायचं, एखादा भडाभडा ओकायचा. पायी जाणाऱ्याला मात्र तिथं कधी काही झालं नाही. हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही, माझ्यासकट.

मग रीतच पडली. वळण जवळ आलं की जीपचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडायचे, दोऱ्या आवळायच्या, बायकांनी लेकरं पदराखाली घ्यायची. आसरा आत येऊ नयेत म्हणून.

त्या थंडीत आई आणि मी वहिनीला आणायला खाली तालुक्याला, अकोल्याला, तिच्या माहेरी गेलो होतो. तिची पहिली लेक तीन महिन्यांची झाली होती. येताना मी पुढं ड्रायव्हरशेजारी उघड्यावर कुडकुडत बसले. आई आणि वहिनी मागं, थंडीसाठी आधीच सोडलेल्या पडद्यांआड, बाळ दुलईत गुंडाळून वहिनीच्या मांडीवर. जीपचा सायलेन्सर फुटलेला होता, त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा तारेनं बांधला होता. खालून नुसती फटफट चालायची. आम्हाला वाटायचं, गाडीत काय जोर आहे, बघा!

चढाला वहिनी म्हणाली, "आत्याबाई, जीव घाबरतोय." तिनं पडद्याची कड उचलून तोंड बाहेर काढलं.

आई ओरडली, "अगं ए, वळान आलं! लेकराचा तरी इचार कर, झाक ते!" आणि तिनं स्वतःच्या हातानं दोरी आवळली. तरी वहिनी बोटभर फट धरून, तिथं नाक लावून बसली.

घरी उतरल्यावर आईनं दुलई उघडली. बाळाचे गाल गुलाबी, ओठ लाल, नुकतं न्हाऊ घातल्यासारखे. "किती गाढ झोपलीय बया माझी," आई कौतुकानं म्हणाली. मग तिनं गालाला हात लावला.

गाव म्हणालं, त्या फटीतनं आसरा आत आल्या नि लेकरू घेऊन गेल्या. आई स्वतः उलट्या करून बेजार झाली होती, पण तीही तेच म्हणाली. वहिनीनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. पुढं तिला दोन मुलगे झाले, त्यांच्या बारशालाही कुणीतरी त्या फटीचं काढलंच. मला तसं बोलणाऱ्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या. वहिनी मात्र घरातली प्रत्येक फट बुजवत सुटली. दाराखाली पोतं, खिडकीच्या सांदीत चिंध्या. उन्हाळ्यातसुद्धा तिच्या खोलीत जीव गुदमरायचा.

कित्येक वर्षांनी मी नगरला माझ्या स्कूटरची पीयूसी काढायला गेले. तिथल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. मी सहज विचारलं, "काय मोजता हो यात?"

"बाई, धुरात एक विषारी वायू असतो. दिसत नाही, वास नाही. बंद जागेत साठला तर डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस झोपेतच जातो. मेल्यावरही चेहरा लाल दिसतो म्हणे."

स्कूटर तिथंच ठेवली आणि गावची एसटी धरली.

वहिनी खिडकीपाशी निवडण करत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. फुटका सायलेन्सर, धूर, आवळलेले पडदे. "आसरा-बिसरा काही नव्हतं गं! तुझ्या फटीनं काही वाईट केलं नाही. उलट त्या फटीनंच तू वाचलीस."

वाटलं, आता ती रडेल, मोकळी होईल. तिनं सुपातला एक खडा टिपून बाहेर टाकला.

"म्हंजी वन्सं, त्या फटीतनं चांगली हवा येत हुती?"

"व्हय."

"मग मी लेकीला फटीशी धरली असती तर?"

वहिनीनं सूप खाली ठेवलं आणि खिडकीतल्या चिंध्या उपसायला लागली.