चालू ठेवलेला फोन

ऑफिसात त्याला सगळे बोका म्हणत. तासन्‌तास एका जागी बसून पडद्याकडे टक लावून पाहणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? पण त्याचं कामच तसं होतं. जुन्या टेलिफोन लाइनवरच्या आवाजाचे बारीक तुकडे करून ते नव्या नेटवर्कवरून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे, यासाठी गावोगावच्या एक्स्चेंजमध्ये यंत्रं बसवली होती. त्यांना गेटवे म्हणत. बोका खुर्चीत बसून त्या सगळ्यांवर नजर ठेवी. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे जेवण विसरा.

त्याच्या आईचा मात्र या दिव्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. तिची थोरली बहीण, म्हणजे बोक्याची मावशी, लांबच्या गावी एकटी राहायची. गुडघे कामातून गेलेले, पण घर सोडायचा विषय काढला की ती अंगावर यायची. शेवटी दोघी बहिणींनी तोड काढली. दुपारी फोन लावायचा आणि संध्याकाळपर्यंत ठेवायचाच नाही. बोलणं फारसं नसेच. आई स्पीकर लावून भाजी निवडत बसे, आणि पलीकडून मावशीची काठी, खोकला, भांड्यांची खुडबुड येत राही. बहीण हिंडतेफिरते आहे एवढं आईला कळलं की पुरे.

अलीकडे आई म्हणू लागली, ताई फोन लावून निघून जाते. मावशीचीही नेमकी हीच तक्रार आईबद्दल. दोघींचं चांगलंच वाजलं. बोक्याने ऑफिसात पाहिलं, तर त्या गावचा गेटवे हिरवागार. लाइन उत्तम आहे, असं त्याने आईला जरा तोऱ्यातच सांगितलं.

मग एका दुपारी मावशी स्वयंपाकघरात घसरली. हाडं शाबूत राहिली, पण शेजारीण येईपर्यंत ती फरशीवर बसून बारीक आवाजात हाका मारत होती. फोन चालू होता आणि आईला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आईने ठरवूनच टाकलं, रविवारी तिला इकडे आणायचं. या वेळी मावशी भांडली नाही. बॅग भरते म्हणाली. बोक्याला तेच सहन होईना.

शनिवारी सुट्टी होती. तो आईशेजारी बसून स्पीकर ऐकू लागला. हलकी खरखर येत होती, एकसारखी. खऱ्या घरातली शांतता अशी इस्त्री केलेली नसते. आणि ही खरखर त्याच्या ओळखीची होती. कोणी बोलत नसलं की काही पाठवायचंच नाही, म्हणजे नेटवर्कवरचा भार वाचतो, अशी एक सोय गेटवेत असते. ऐकणाऱ्याला फोन बंद पडला असं वाटू नये म्हणून त्याच्या बाजूचं यंत्र स्वतःच खोटी खरखर तयार करतं. महिन्याभरापूर्वी ती सोय बोक्यानेच सगळीकडे सुरू केली होती आणि साहेबांकडून शाबासकीही घेतली होती. मावशीची काठी, खोकला, हाका, सगळं यंत्राच्या लेखी शांततेतच जमा झालं होतं.

तो तडक ऑफिसात गेला आणि ती सोय बंद करायची परवानगी मागायला तिथून साहेबांना फोन लावला. दिवे हिरवे आहेत, कोणाची तक्रार नाही, मग हे खूळ कशाला, असं साहेब कुरकुरले.

"तक्रार आहे साहेब," बोका म्हणाला. "माझ्या घरचीच आहे. मी ऐकली नव्हती."

साहेब हो म्हणाले. बोक्याने दोन्हीकडच्या गेटवेंवरची ती सोय बंद केली. दिवे होते तसेच हिरवे राहिले.

तो घरी आला तेव्हा आईने पुन्हा फोन लावला होता. स्पीकरमधून टपटप आवाज येत होता. आईचा भाजीवरचा हात थांबला.

"ताई, तुझा नळ गळतोय."

पलीकडे काठी टेकत टेकत गेली. नळ बंद झाला. काठी परत आली.

"ऐकू येतंय ना तुला?" मावशीने विचारलं.

"येतंय."

थोड्या वेळाने स्पीकरमधून भरून ठेवलेल्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, आणि मग कपाटाचं दार. कपडे परत जागेवर जात होते.