नदीवर हात

"पाणी काढायचं नसतं, सोडायचं असतं," आत्या एकदा म्हणाली होती. आईला वाटलं, ती नळाबद्दल बोलतेय.

ती बोलत होती जलरंगातल्या चित्रांबद्दल. ती ऑपरेशन थिएटरात नर्स. दिवसभर झगझगीत दिव्याखाली उघडी पोटं बघायची आणि सुट्टीला जुन्या बाजारातून निसर्गचित्रं आणायची. टेकड्या, धुकं, पेन्सिलीने काढलेली एखादी वाट. लग्न केलं नाही. आमच्याच घरी राहिली आणि तिच्यामागून चित्रं राहायला आली. आधी तिच्या खोलीत, मग पॅसेजमध्ये, मग टीव्हीच्या डोक्यावर.

"भिंती कुणाच्या, तुझ्या की माझ्या?" बाबा एकदा जेवताना म्हणाले. चेष्टेतच. आत्याने हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्याच दिवशी तिने इस्पितळाच्या क्वार्टरसाठी नाव दिलं. क्वार्टर मिळालीही. हो की नाही ते मेट्रनना शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

शनिवारी सकाळी ड्यूटीवर निघताना तिने नदीचं चित्र उतरवून बाबांच्या हातात दिलं. तिचं सगळ्यात लाडकं. काच तडकली होती.

"दादा, काच बदल. आणि जरा हात फिरव."

जेवणातल्या त्या प्रकारानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती. "राहतेय गं ती," बाबा आईला म्हणाले.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बोटभर पत्रा कोरा राहिला तर गिऱ्हाईक घर डोक्यावर घेतं. चित्रात दोन ओले काठ होते आणि मधे नुसता कोरा कागद. तीच नदी. बाबांना ते कुणीतरी अर्धवट टाकलेलं काम दिसलं.

मी कॉलेजातून आले तेव्हा घरभर ऑइलपेंटचा वास होता. चित्र भिंतीवर, नव्या काचेत. नदी ठार निळी. लाटा मोजून मापून मारलेल्या, औषधांच्या दुकानावरच्या अक्षरांसारख्या ठाशीव.

"बाबा, हे काय केलंत?"

"झकास झालंय ना? माझं कुठे सुरू होतं, तिला कळणारसुद्धा नाही."

"कळेल."

आई हात पुसत बाहेर आली. "अहो, विचारायचं तरी. उतरवा ते. काच मिळाली नाही म्हणा."

"का? चोरी केलीय मी?" पण ते उठून चित्र सरळ करत राहिले. सरळच होतं ते.

फाटक वाजलं.

आत्या दारातून आत आली आणि तिथेच थांबली. पर्स खांद्यावरच.

"बघ," बाबा म्हणाले. "नदी कोरीच राहिली होती गं. भरून टाकली."

"कुणी सांगितलं?"

"तूच. हात फिरव म्हणालीस ना?"

"फ्रेमवर, दादा. फडक्याने."

"वन्सं, बसा आधी, पाणी..." आई म्हणाली आणि त्या शब्दावर स्वतःच अडखळली.

बाबांनी चित्र खाली घेतलं. "थांब, थांब. टर्पेंटाइनने निघेल." बाटली उघडताना अर्धी हातावरच सांडली. चिंधी घेऊन ते काच सोडवायला लागले, तसं आत्याने त्यांचं मनगट धरलं. दुखणार नाही, पण हलताही येणार नाही, असं. चिंधी त्यांच्या मुठीतून सोडवली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"राहशील ना?" बाबांनी विचारलं. थोरले असून धाकट्यासारखा आवाज निघाला त्यांचा.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे; मेट्रनना सांगायला अजून वेळ होता. चपला तिने काढल्याच नव्हत्या. ती वळली आणि बाहेर निघून गेली.