पेत्राची बोली आणि आमची रोझी

मंडळी, आत्ताच धर्मशिक्षणाचा वर्ग संपवून घरी आले आणि आधी कंप्युटर लावला.

आज येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट होती. येशूला पकडून नेल्यावर पेत्र घाबरून म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पण त्याच्या गालील प्रांताकडच्या बोलण्यावरून लोकांनी त्याला बरोबर ओळखलं.

वाचत होती कोळीवाड्यातली रोझी. ‘अंगणात’ऐवजी ती ‘अंगनात’ म्हणाली आणि बिल्डिंगमधली मुलं खिदळली. एकाने तर नक्कलही केली. माझं डोकंच फिरलं, पण मी तोंड उघडायच्या आत रोझीने पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता ही रडणार.

ती म्हणाली, “पेत्र पन असाच गावचा बोलायचा, म्हनून तर ओळखला त्याला. तो घाबरला आनि नाय म्हनाला. मी नाय घाबरनार. मी कोळ्यांची, आनि येशूची पन.”

मग तिने पुस्तक उघडलं आणि पेत्राने तीनदा नाकारल्यावर कोंबडा आरवतो तिथपर्यंतची गोष्ट तिच्याच बोलीत वाचून काढली.

शिकवायला मी गेले होते, शिकवलं तिने. पोरीचा फार अभिमान वाटतोय.

आता तुम्ही सांगा. चारचौघांत तुमच्या बोलण्यावरून कुणी तुम्हाला ओळखलं, तर तुम्ही काय म्हणता?