दोनदा छापलेली सिद्धता

छापखान्यात आम्ही त्यांना भिंगवाले म्हणायचो. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कानावर पडायचं. शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची हयात गेली. गणिताचं एक त्रैमासिक आमच्याकडे छापलं जाई. डोळ्याला भिंग लावून त्यातले इवलेसे घातांक चिमट्याने बसवताना ते श्वास रोखून धरत. मी शेजारच्या बांधणीखात्यात. गणित आम्हा दोघांच्याही डोक्यावरून जायचं, पण पान देखणं आहे की नाही यावर आमची रोज खडाजंगी व्हायची. काय मजेचे दिवस होते!

मग कॉम्प्युटर आला. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, खिळे आता मोडीत. यापुढे लेटेक."

लेटेकमध्ये मजकुराबरोबर आज्ञा लिहायच्या, पान आपोआप लागतं. त्रैमासिकाच्या मांडणीचे सगळे नियम एका फाइलमध्ये होते, तिला क्लास म्हणत.

"नमुन्याचा लेख जुन्या अंकासारखा दिसला, तर त्रैमासिक इथे राहील आणि तुम्हीही. नाहीतर..." पुढचं मालकीणबाईंनी गिळलं.

भिंगवाल्यांना घरी बसणं म्हणजे शिक्षाच. वहिनी सांगायच्या, "सुट्टीला घरी असले, की माझे डबे उंचीप्रमाणे लावत बसतात. मला मीठ सापडत नाही!"

भिंगवाले शिकले. एका बोटाने का होईना, शिकले. जुन्या अंकात प्रत्येक सिद्धतेच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'सिद्धता' आणि पुढे दोन टिंबं असायची. तसाच मथळा त्यांनी जन्मभराच्या सवयीने लेखात जिथल्या तिथे हाताने घातला.

त्रैमासिकाच्या संपादकबाई आल्या. पान पाहून हसू दाबत म्हणाल्या, "अहो, एकदा सिद्ध केलं की पुरतं. तुम्ही दरवेळी दोनदा का करताय?"

पाहतो तर काय, आधी क्लासने आपलं तिरकं 'सिद्धता' छापलेलं, आणि त्याला खेटून भिंगवाल्यांचं ठळक!

"ते तिरकं पडद्यावर दिसत होतं," भिंगवाले पुटपुटले, "पण मला खुणेचं वाटलं. जुळवलेल्या मजकुरावर आपण खडूने खूण करायचो ना, तसं. छापताना गळेल म्हटलं."

मी खो खो हसलो. ते हसले नाहीत.

"सोमवारी येते," एवढं बोलून बाई गेल्या.

भिंगवाल्यांनी क्लासची एक प्रत काढून ठेवली आणि मूळ फाइल ओळीओळीने वाचायला घेतली. सिद्धतेचा मथळा जिथून निघतो ती जागा शेवटी सापडली. तिथे तिरक्याचं ठळक केलं, पूर्णविरामाच्या जागी दोन टिंबं दिली आणि हाताने घातलेले मथळे पुसून टाकले. लेखातले सगळे मथळे क्षणात बदलले.

"झालं की!" मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"झालं रे. जन्मभर एकेक बसवला, आणि हे बघ, एका फुंकरीत. आता मला ठेवतील कशाला?"

पाठीवरचा हात मी काढून घेतला.

सोमवारी बाई खूश झाल्या, पण एका पानावर थबकल्या. "मुख्य प्रमेय चार पानं मागे राहिलं. मध्ये एवढा मजकूर आल्यावर इथे नुसतं 'सिद्धता' लिहिलं, तर वाचणाऱ्याला कळणार कसं, कशाची?"

"आज्ञेपुढे चौकटी कंसात निराळं नाव देता येतं, बाई. 'मुख्य प्रमेयाची सिद्धता' असं. पण कुठे नाव हवं आणि कुठे नको, ते लेख चाळून ठरवावं लागेल. तेवढं काही मशीन करत नाही."

"मग तुम्ही ठरवा. अडलं तर मला विचारा." बाई मालकीणबाईंकडे वळल्या, "अंक इथेच राहू दे. आणि यांना या जागेवरून हलवू नका."

भिंगवाल्यांनी घाईघाईने मान खाली घातली आणि उगाच कीबोर्ड पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी त्यांच्यासाठी चाकांची नवी खुर्ची आणली. भिंगवाले तिच्याभोवती फिरून आले, एकदा ढकलून पाहिली आणि म्हणाले, "हिची चाकं काढा आधी. आत्ता कुठे जागा पक्की झालीय!"