उलटतपासणी नाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकीलसाहेबांनी ती चौतीस वर्षं चढली. सकाळी खालच्या कोर्टात खटले, दुपारी वरच्या कोर्टात अपिलं. गुडघे गेले, पण नाव झालं. नाव कशाचं, तर गप्प बसण्याचं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही, तो साक्षीदाराला विचारायचा नाही, हा त्यांचा नेम. झाकली मूठ सव्वा लाखाची! ते "उलटतपासणी नाही" म्हणून खाली बसले की समोरचा वकील आपले कागद पुन्हा चाळू लागायचा. बाररूममध्ये त्यांना 'बैठकसम्राट' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

त्याच नेमाने गोदामाच्या वॉचमनचा घात केला.

मालकाचा खून झाला त्या संध्याकाळी समोरच्या शिंप्याने वॉचमनला गज घेऊन पळताना पाहिलं, एवढाच काय तो पुरावा. खटल्यात वॉचमनच्या बायकोने साहेबांच्या हातात चिठ्ठी दिली होती: शिंप्याचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला होता. साहेबांनी ती वाचली. पण शिंपी काय बोलेल कुणी सांगावं? घरात दुसरा चष्मा होता म्हणाला तर? केस तशीही लंगडीच होती. ते उठले, "उलटतपासणी नाही" म्हणाले आणि बसले. निकालात जन्मठेप आली आणि एक वाक्य आलं: शिंप्याच्या साक्षीला बचावाने आव्हान दिलेलं नाही. वर्षभरात शिंपीही वारला.

साहेबांना अन्न गोड लागेना. ते वॉचमनच्या बायकोला म्हणाले, "बाई, अपिलाला दुसरा वकील बघा."

"आमचं सगळं तुम्हालाच तर माहीत, साहेब. दुसरा कशाला?"

चूक आपली, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

अपिलात त्यांचं एक हुकमी वाक्य होतं: "खालच्या वकिलाने प्रश्न विचारला नाही, त्याची शिक्षा अशिलाने का भोगावी?" या वाक्यावर त्यांनी कितीतरी माणसं सोडवली होती, आणि ते म्हणताना खालच्या वकिलाची यथेच्छ सालटी काढली होती. आता कागदावर खालच्या वकिलाचं नाव त्यांचंच होतं.

सुनावणीला वॉचमनची बायको शेवटच्या बाकावर बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत नवऱ्याचे इस्त्रीचे कपडे.

"चष्म्याबद्दल शिंप्याला विचारलं का नाही?" थोरल्या न्यायमूर्तींनी विचारलं.

"वकील चुकला, मायलॉर्ड. निव्वळ घमेंड."

"अहो, वकील तर तुम्हीच होतात!"

"म्हणून तर खात्रीने सांगतोय. चिठ्ठी माझ्या हातात होती. माझी सनद काढून घ्या, पण या माणसाला..." त्यांनी हात जोडले. कोर्टात आजवर असं कधी झालं नव्हतं.

दोन्ही न्यायमूर्ती आपसात कुजबुजले. मग थोरले अगदी मायेने, हळू आवाजात म्हणाले, "अशिलासाठी तुम्ही दोष अंगावर घेताय, हे कळतं आम्हाला. पण तुमच्यासारखा मुरलेला वकील प्रश्न टाळतो, तो विचार करूनच टाळतो. उत्तर अडचणीचं असणार. अपील फेटाळलं आहे. बसा आता."

चौतीस वर्षांचं नाव वॉचमनच्या मानगुटीवर बसलं होतं. साहेबांना मात्र बसता येईना.

पंख्यांच्या घरघरीत बायकोला निकाल ऐकूच गेला नव्हता; न्यायमूर्तींचा मायाळू चेहरा तेवढा दिसला होता. ती लगबगीने पुढे आली. डोळे भरलेले होते.

"साहेब, चिठ्ठी असून विचारलं नाहीत ते काही कारणानेच असणार. तरी माझ्या माणसासाठी खोटं खोटं स्वतःवर घेतलंत! सख्खा भाऊ करणार नाही एवढं. हे कपडे आत्ताच नेऊन देऊ ना त्यांना?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबांना ठाऊक होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.