रडारवाली ताई आणि तुझा मामा

...हां, तर पुढे लिही. विमानतळावरची ती रडारवाली बाई. तिच्या खोलीला खिडकी नाही म्हणे, समोर नुसता पडदा. पडद्यावर ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक विमान. तुझा मामा छोटं विमान घेऊन एकटाच ढगात घुसला. काही दिसेना, आणि जवळपास डोंगर! रेडिओवर म्हणाला, "ताई, मी कुठे आहे तेच कळत नाही."

ती म्हणाली, "दिसताय हो, पण तीन ठिपक्यांतले तुम्ही कोणते? जरा डावीकडे वळा बघू."

मामा वळला, तसा एकच ठिपका वळला.

"सापडलात! आता मी सांगेन तसंच चालवायचं. डोंगर उजवीकडे आहे, इतक्यात खाली येऊ नका."

याला दरदरून घाम फुटलेला, आणि ही विचारते, "जेवलात का?"

"आधी उतरवा, मग जेवतो!"

हसवत हसवत, इकडे वळा, तिकडे वळा करत तिने त्याला धावपट्टीसमोर आणून सोडलं. ढगाखाली आला, तर समोर दिवेच दिवे! माझं लेकरू सुखरूप घरी आलं गं बाई.

मी तिला कधी पाहिलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी तिला ओळखत असेल, तर एवढं सांगा, त्याच्या आईने हात जोडलेत.